किल्ली शोधण्याचा धडा

१० फेब्रुवारी २०२५ रोजी अंकुश निमजे यांच्या हाती पहिल्या आठवड्याचे ५,२५० रुपये पडले. निवृत्त झाल्यापासून व्याजाखेरीज झालेली ही त्यांची पहिलीच कमाई, आणि ती नाटकाची होती. तोवर नाटकाशी त्यांचा संबंध एवढाच, की लहानपणी उमरेडला गणपतीत नाटक असले की ते सगळ्यांत पुढे बसत आणि पहिला अंक संपायच्या आत झोपत.

गोळीबार चौकाजवळ विणकरांच्या एका जुन्या सोसायटीचे सभागृह आहे. माग केव्हाच उठले, सभागृह राहिले. लग्नाच्या तिथी नसल्या की ते भाड्याने मिळते. तिथे प्रज्वल चिंचघरे या उत्साही तरुणाने अभिनयाची शाळा काढली होती. शिकवणार होत्या गालिना पेत्रोव्ना. मॉस्कोत त्यांनी उभी हयात जुन्या रशियन पद्धतीचा अभिनय शिकवला होता, आणि आता त्या तीन महिन्यांसाठी नागपूरला आल्या होत्या. प्रज्वल ही पद्धत पुस्तकांतून शिकलेला. बाई परदेशच्या, म्हणजे इंग्रजी येतच असणार, असे तो धरून चालला होता. बाईंना इंग्रजीतले ‘थँक यू’ आणि ‘नो चिली’ एवढेच येते हे त्याला विमानतळावर कळले.

अंकुशरावांना रशियन येत होते. बी. कॉम. झाल्यावर त्यांनी विद्यापीठात संध्याकाळचा रशियनचा कोर्स केला होता, कारण फी कमी होती आणि प्रवेशाची ती खिडकी रिकामी होती. पुढे ते एका मशिनरी कारखान्याच्या लेखा विभागात लागले. तिथे सोव्हिएत इंजिनिअर आले, तेव्हा हिशेब बाजूला ठेवून त्यांना दुभाषी करण्यात आले.

त्या कामात त्यांची एक पद्धत तयार झाली. एकदा मुख्य इंजिनिअर वर्क्स मॅनेजरकडे बोट दाखवून म्हणाला, “या माणसाला सायकलसुद्धा दुरुस्त करायला देऊ नका.” अंकुशरावांनी सांगितले, “साहेब, ते म्हणतात, तुमची काम करायची रीत वेगळी आहे.” मॅनेजर खूश झाला. त्याने उलट काही सुनावले, तेही अंकुशरावांनी धुऊन, वाळवून, घडी करून पलीकडे दिले. रशियन लोक कारखान्यात होते तोवर एकही भांडण झाले नाही. निरोप समारंभात अंकुशरावांना मनगटी घड्याळ मिळाले. ते अजून चालते.

प्रज्वलने विचारले तेव्हा त्यांना वाटले, मशीनपेक्षा नाटक सोपे असेल.

वर्ग सकाळी साडेसहाला भरे. दाराशी स्टीलचा डबा ठेवलेला असे, त्यात सगळ्यांनी आपले मोबाइल टाकायचे. गालिनाबाई काळी शाल पांघरून लाकडी खुर्चीवर बसत. शेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर अंकुशराव. प्रज्वल पहिला दिवस बसला, नंतर तो कूलर, पाण्याचे कॅन आणि सभागृहाचे अध्यक्ष यांच्यामागे फिरत राहिला.

विद्यार्थ्यांत काजल गजभिये नावाची सव्वीस वर्षांची मुलगी होती. रोज कामठीहून स्कूटीवर सर्वांच्या आधी येई. वडील तहसील कार्यालयात होते, ते गेल्यावर त्यांच्या जागी अनुकंपा तत्त्वावर तिला नोकरी मिळाली होती. घरात आई आणि बारावीतला भाऊ. घर तिच्या पगारावर चाले.

बाईंनी तिला एकच धडा दिला होता: बाहेरून ये, घराची किल्ली सापडत नाही, शोध. किल्ली खोटी, घर खोटे, शोधणे मात्र खरे पाहिजे. काजल यायची, कपाळाला हात लावायची, चारी दिशांना पाहायची, पदर नसतानाही पदर झटकायची.

बाई म्हणाल्या, “ही किल्ली शोधत नाही. शोधते आहे हे मागच्या रांगेला दाखवते आहे.”

अंकुशरावांनी सांगितले, “तुझं शोधणं मागच्या रांगेपर्यंत पोचते म्हणतात.”

काजलने वाकून नमस्कार केला. बाईंना नवल वाटले. मॉस्कोत असे बोलले की मुली रडत बाहेर जातात, ही नमस्कार करते. दुसऱ्या दिवशी काजलने हात कपाळाला आणखी जोरात लावला.

फेब्रुवारी संपला, मार्च लागला, बाईंनी शाल काढली. धडा तोच राहिला. एके दिवशी बाई हताश होऊन म्हणाल्या, “मुलगी चांगली आहे, शिस्तीची आहे. तिची जागा कचेरीत आहे. तिला तिथे सुखाने राहू द्या.”

अंकुशराव म्हणाले, “काजल, बाई म्हणतात, तू शिस्तीची आहेस. तुझी जागा वेगळी आहे.”

मार्चच्या तिसऱ्या शनिवारी काजलने त्यांना वर्गाच्या आधी सभागृहासमोरच्या गाडीवर तर्री पोहे खायला बोलावले. पैसे तिने आधीच देऊन टाकले.

“घ्या न काका, आज माह्याकडून. तर्री टाका अजून. काय भाऊ, काकाले चना दे न जरा!”

“काहून वं, वाढदिवस आहे का आज?”

“वाढदिवस नाही, सुटका हाय. सोमवारी राजीनामा देऊन राहिली मी.”

अंकुशरावांचा चमचा पोह्यात राहिला.

“कशाचा राजीनामा?”

“नोकरीचा, अजून कशाचा! प्रज्वलदादा जूनपासून दिवसभराचा कोर्स काढून राहिला, दोन वर्षांचा. नोकरी करून तो थोडीच होते. आई म्हणे, लागलेली नोकरी कोणी सोडते का. मी म्हटलं, आई, मॉस्कोची बाई सांगून राहिली का माही जागा वेगळी हाय, मग मी दाखल्यावर शिक्के काहून मारत बसू?”

“अनुकंपाची नोकरी आहे बाई. गेली का पुन्हा मिळत नाही.”

“आता तुमीबी आईसारखे नका करू, काका. तुमच्याच तोंडून तं ऐकलं सारं.”

ती उड्या मारत जिना चढून गेली. स्कूटीची किल्ली पोह्याच्या गाडीवर, कांद्याच्या थाळीशेजारी विसरली. वर गेल्यावर द्यावी म्हणून अंकुशरावांनी ती उचलून शर्टाच्या खिशात टाकली. पोहे त्यांनी टाकले नाहीत, पण कसे लागले ते त्यांना सांगता आले नसते. कारखान्यात त्यांनी जे गाळले त्याने फार तर एखादा बोल्ट सैल राहिला असेल. इथे एक घर बसणार होते.

वर्ग सुरू झाला. काजल आली, कपाळाला हात लावला, चारी दिशांना पाहिले. बाई नेहमीसारखे बोलल्या. अंकुशराव उठून उभे राहिले. आजवर ते बसूनच सांगत आले होते, त्यामुळे सगळे त्यांच्याकडे पाहू लागले.

“बाई म्हणतात, हे खोटं आहे. ही किल्ली शोधत नाही, शोधण्याचं नाटक करते. सहा आठवडे पाहिलं, एक दिवसही विश्वास बसला नाही.”



“आज असं काहून म्हणाल्या?” काजलने विचारले.

“आज नाही. पहिल्या दिवसापासून म्हणून राहिल्या. मी सांगत नव्हतो.”

“अन माही जागा वेगळी हाय म्हणे, ते?”

“कचेरीत आहे म्हणाल्या होत्या.”

काजल त्यांच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली.

“म्हणजे सहा हप्त्यांपासून तुमी मले मनचं सांगून राहिले? अन मी येडी, घरी जाऊन आईले सांगे! सोमवारी राजीनामा देल्ला असता तं? माह्या भावाची फी तुमी भरली असती का? दुभाषी म्हणे! यापेक्षा मुका माणूस बसवायचा होता!”

“अवं काजल, तुले वाईट वाटू नये म्हणून...”

“मले वाईट वाटलं असतं तं मी सुधरली नसती का?”

 काजलने पर्स उचलली आणि निघाली. दारात थांबली. पर्समध्ये हात घातला, काढला, पुन्हा घातला. पर्स सतरंजीवर उपडी केली. सतरंजीची कड उचलून पाहिली. मोबाइलचा डबा ओतला. कपाळाला हात लावला नाही, कुठल्याही दिशेला पाहिले नाही. मध्येच उभी राहिली आणि स्वतःच्या बंद मुठीकडे बघत राहिली, जणू किल्ली तिच्यातच आहे.

अंकुशरावांचा हात खिशाकडे गेला. बाईंनी तो मनगटाला धरून खाली दाबला. त्या खुर्चीच्या टोकावर आल्या होत्या. मराठीतले एक अक्षर त्यांना कळले नव्हते.

“आता,” त्या हळूच म्हणाल्या, “आता माझा विश्वास बसला. तिला सांगा.”

अंकुशरावांनी सांगितले. शब्द न शब्द, कमी नाही, जास्त नाही.

“तुमच्यावर आता कोण विश्वास ठेवते, काका?” काजल म्हणाली. मग तिला त्यांच्या खिशातून डोकावणारी किल्ली दिसली. ती जवळ आली, खिशातून स्वतःच काढून घेतली. “अन पोह्याचे तीस रुपये द्या.”

त्यांच्याकडे पाचशेची नोट होती. तिच्याकडे सुटे नव्हते. ती निघून गेली.

सोमवारी तिने राजीनामा दिला नाही. वर्गाला मात्र ती बुधवारपासून परत आली, अंकुशरावांच्या जागी तिने भावाचा जुना मोबाइल आणला, तो डब्यात टाकला नाही, आणि बाईंचे बोलणे त्यात भाषांतर करून ऐकू लागली. मोबाइल फार कडक बोले. तिला तेच हवे होते. प्रज्वलने अंकुशरावांना त्या महिन्याचा हिशेब चुकता केला आणि आभार मानले. एप्रिलच्या अखेरीस बाई परत गेल्या. जूनचा कोर्स निघाला नाही, कारण लग्नाच्या तिथी निघाल्या.

जुलैत अंकुशराव ज्येष्ठ नागरिकाच्या ओळखपत्रासाठी तहसील कार्यालयात गेले. खिडकीवर काजल होती.

“बसा काका,” ती म्हणाली. कागद पाहिले, एक झेरॉक्स कमी होती ती करून आणायला सांगितली, आणल्यावर शिक्का मारला. चेहऱ्यावर ना राग, ना ओळख, ना अनोळख. तिचा राग गेला की नाही, हे अंकुशरावांना समोर पाच मिनिटे बसूनही कळले नाही. सहा आठवड्यांत इतके चांगले काम त्यांनी तिचे पाहिले नव्हते. हे तिला सांगावे असे त्यांना वाटले, पण ती मानली नसती.

त्यांनी खिशातून दहाच्या तीन नोटा काढून खिडकीत सरकवल्या.

काजलने दोन्ही बाजूंना पाहिले. “खिशात ठेवा काका, लवकर! सरकारी खिडकी हाय. लोक पाहून राहिले.”

त्यांनी नोटा खिशात ठेवल्या. ओळखपत्र मिळाले. काजलचे तीस रुपये अजून देणे आहेत.