अर्ध्या फरशीवरचा पाहुणा

कॉन्ट्रॅक्टर “झालंच समजा, काकू” म्हणाला आणि मी खरंच तसं समजले. धायरीच्या आमच्या घरामागच्या अंगणात यजमानांच्या पंचाहत्तरीचं जेवण ठरवून साऱ्या गोतावळ्याला आमंत्रण देऊन बसले. तेव्हा मी अवघी सत्तरीची. अक्कल यायची होती.

अंगणातली फरशी निम्म्यावर थांबली. पुढे नुसता खणलेला खड्डा. या माणसाशी धड भांडताही येत नसे. आपण आवाज चढवला, की तो आपल्याच बाजूने बोलायला लागायचा. “काकू, तुमच्या जागी मी असतो तर मला कधीच हाकललं असतं!” मग बैलाच्या पाठीवर मारावी तशी भिंतीवर थाप मारून, चहा पिऊन जायचा.

शेवटी मी त्यालाही जेवायला बोलावलं. चारचौघांत लाजेल आणि दुसऱ्या दिवशी गवंडी घेऊन येईल, असा माझा डाव. टेबलं खड्ड्यातच मांडली आणि सगळ्यांना मोठ्यानं ओळख करून दिली, “हे आमचे कॉन्ट्रॅक्टर. ही शोभा यांचीच.”

लाजणं राहिलं दूर. कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला हा गृहस्थ फरशी संपते तिथं उभा राहिला आणि एकेका म्हाताऱ्या पाहुण्याला हात देऊन अलगद खाली उतरवू लागला. “सांभाळून, आजी. काय काम करून ठेवलंय बघा लोकांनी!” जेवणं होईपर्यंत तो तिथून हलला नाही आणि कोणी पडलंही नाही, हे मात्र खरं.

निघताना नणंदबाई माझा हात धरून म्हणाल्या, “वहिनी, किती लाघवी माणूस हो! माझं स्वयंपाकघर उद्याच फोडायला सांगितलंय त्याला.”