चुकीवर आधी कोणाचं नाव

विद्यापीठाच्या गणित विभागात त्यांना सगळे उणेबाई म्हणत. कोणी उण्याचं एक चिन्ह गाळलं की बाई अख्ख्या उत्तरावर काट मारत आणि वर ऐकवत, "चिन्ह गेलं की मुसळ केरात!" अशा बाईंच्याच सिद्धांतातून उणं निसटावं, याला काय म्हणावं?

सिद्धांत आयुष्यात एकच. तोही बाई आणि त्यांचे गुरू, म्हणजे सर, यांनी मिळून केलेला. विषय के-थिअरी, बीजगणिताची एक शाखा. ज्या समूहात बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार बिनबोभाट चालतात, त्याला क्षेत्र म्हणतात. क्षेत्रातल्या घटकांच्या जोड्या लावायच्या. दोघांची बेरीज एक आली तर जोडी शून्य धरायची. बाईंच्या यजमानांनी हे ऐकून म्हटलं होतं, "नवराबायको एक झाले की शिल्लक काही नाही. अनुभवाची गोष्ट आहे." भूमिती इथे अशी येते, की क्षेत्र एखाद्या वक्राचं असलं तर जोडी त्याच्या बिंदूंवर आकड्यांच्या खुणा सोडते आणि सगळ्या खुणांचा गुणाकार एक यावाच लागतो.

एका दुपारी बाई वर्गासाठी सोपं उदाहरण सोडवत होत्या. वक्र म्हणून साधी सरळ रेषा घेतली, रीत आपल्याच सिद्धांतातली. गुणाकार आला उणे एक. पुसून पुन्हा केला, तरी तेच. फळ्यासमोर उभ्या उभ्या त्यांनी सिद्धांताची एकेक ओळ तपासली. घटकाची स्वतःशीच लावलेली जोडी त्यांनी शून्य धरली होती. शून्य असते ती घटकाची त्याच्या उण्याशी लावलेली जोडी; स्वतःशी लावलेली नसते. त्या घटकाची उणे एकशी जोडी लावल्यावर जे उरतं, तेच तिथेही उरतं.

गप्प बसावं तर लोक त्याच पायावर पुढची घरं बांधत होते. सांगावं तर सर अंथरुणाला खिळलेले. बाई भेटायला गेल्या की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "आपला सिद्धांत बरा आहे ना?" जणू माहेरी आलेल्या लेकीला नातवाची खुशाली विचारावी. बाईंची नोकरी कायम व्हावी म्हणून छापताना सरांनी हट्टाने त्यांचं नाव आधी घातलं होतं. ते आठवून बाईंना रडू येत होतं.

पुढच्या भेटीला काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, दारातच बजावलं, "आज त्यांना बरं वाटतंय. काही वाकडं बोलू नकोस हं."

सरांनी ठरलेला प्रश्न विचारला. बाई पाण्याचा पेला खाली ठेवून म्हणाल्या, "नाही सर. त्यात चूक आहे."

सरांनी कागद मागितला. बाईंनी सांगितलेलं रेषेचं उदाहरण स्वतः सोडवलं. उणे एक आल्यावर चष्मा काढला.

"स्वतःशी जोडी शून्य, हे तुला कोणी शिकवलं?"

बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"मीच ना? मग रडतेस काय? काही वाचतंय का ते सांग."

"जिथे एक आणि उणे एक यांच्यात फरकच नाही, तेवढ्या क्षेत्रांपुरतं खरं उरतं."

"तेवढं छाप. आणि सिद्धांतावर तुझं नाव आधी होतं, तर चुकीवर माझं आधी घाल."

"सर, उणं मी गाळलं."

"माझ्या देखत गाळलंस. मी तेव्हा काय झोपा काढत होतो? घाल म्हटलं ना!"

बाईंनी नाइलाजाने तसंच पाठवलं. दुरुस्ती छापून आली, तेव्हा नियतकालिकाचा अंक घेऊन त्या सरांकडे गेल्या. सरांनी स्वतःच्या नावावर बोट ठेवलं, आणि मग ठरलेला प्रश्न विचारला, "आता बरा आहे ना?"

"लहान झालाय, सर," बाई म्हणाल्या. "पण बरा आहे."