उघाडीवरचे काका

काका पुलाखाली उतरायचे, नदीत बोट बुडवून जिभेला लावायचे आणि पचकन थुंकून म्हणायचे, "अजून गोडं हाय." आमच्या सातही इमारतींचं सांडपाणी त्याच नदीत जातं, हे तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. पुलावरून बघणाऱ्या आम्हा फ्लॅटवाल्यांना मळमळायचं. लाज मात्र कुणाला वाटली नाही.

भुईगावच्या बाजूला आमची ही लहानशी नदी खाडीला मिळते. तिथे दगडी उघाडी आहे. भरतीच्या आधी तिच्या खाचांत फळ्या बसवायच्या, ओहोटीला काढायच्या, म्हणजे खारं पाणी भातशेतात शिरत नाही. हळूहळू शेतं गेली, इमारती आल्या. उरलं फक्त काकांचं शेत. ते फळ्या लावत राहिले.

एका पावसाळ्यात आमच्या पार्किंगमध्ये घोट्यापर्यंत पाणी आलं. लगेच मीटिंग. सोसायटीत दोन इंजिनीअर. त्यांनी वहीत चित्र काढून सिद्ध केलं, की फळ्यांमुळेच पाणी तुंबतं. आम्ही एकमताने फळ्या काढून गच्चीवर नेऊन ठेवल्या. सेक्रेटरी मीच होतो.

काका ऑफिसात आले. "साहेब, फळ्या नदीला नाय अडवत. दर्याला अडवतात."

"काका, आम्ही अभ्यास केलाय," मी म्हणालो. आठवलं की अजून कान तापतात.

पुढच्याच अमावास्येला उधाण आलं आणि समुद्राने आमचा अभ्यास तपासला. पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी. दोन्ही इंजिनीअरांच्या गाड्या सगळ्यांत आधी बुडाल्या. काकांचं नुकतं लावलेलं भातही खारावलं.

ओहोटी लागल्यावर आम्हीच फळ्या खांद्यावर घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी त्या बसवल्या, मला शेजारी उभं करून कशा बसवायच्या तेही शिकवलं.

"आता शेत?" मी विचारलं.

"दोन-तीन पावसाळे धुतलं का गोडं होईल. मी नसंन तवा."

रागावले असते तर बरं वाटलं असतं.

पुढच्या वर्षी ते गेले. फळ्या आता मी लावतो, मोबाइलवर भरतीची वेळ बघून.

यंदा शेत पिकलं. त्यांची बायको सूपभर नवे तांदूळ घेऊन आमच्या दारात आली. पहिले तांदूळ उघाडी राखणाऱ्याला, ही गावची रीत.

"घ्या. तुमी राखलंत म्हनून पिकलं."

शेत बुडवलं कोणी, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.