माझ्या ‘गोड हाता’ची गोष्ट

फोन आला तेव्हा मी वालाच्या शेंगा निवडत होते. “अक्का, हे गेले…” एवढंच भिंगारहून कमल बोलली. कमल माझी जाऊ, आणि ‘हे’ म्हणजे माझे चुलत दीर, रंगाभावजी. शेंग हातात तशीच राहिली आणि मनात जे पहिलं आलं ते दुःख नव्हतं. मनात आलं, माझ्या चोरीचा एकुलता एक साक्षीदार गेला. दीड महिना झाला, त्या विचाराची लाज काही जात नाही. म्हणून लिहायला बसले.

चोरी कळायची तर आधी सव्वीस वर्षांची मी कळायला हवी. नगरच्या मुलींच्या शाळेत संगीताची बाई, केसांत अबोली, गळ्यात जुनी लालभडक अ‍ॅकॉर्डियन, आणि भात्यात मावणार नाही एवढी हवा डोक्यात. सकाळच्या प्रार्थनेला मी ती अशी काही वाजवायचे की पलीकडची पिठाची गिरणी हरायची. याचा मला अभिमान होता, बरं का! भावजी मूळचे काष्टीचे. भिंगारला लष्करी वर्कशॉपमध्ये कातडीकाम करायचे आणि रविवारी भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करायचे. एकदा माझा त्यांच्याकडे विसरलेला चष्मा द्यायला शाळेत आले आणि प्रार्थना संपेपर्यंत सायकल धरून फाटकाशी उभे राहिले. मी मोठ्या तोऱ्यात विचारलं, “कसं वाटलं?”

“राग येनार नसंल तर सांगतो, वहिनी. पोरी गात न्हाईत, बोंबलत्यात. तुमच्या गळ्यातल्या पेटीपुढं दुसरं काय करतील बिचाऱ्या?”

राग आलाच. आठ दिवस अबोला धरला. नवव्या दिवशी पेटी उचलून भिंगारला गेले, कारण पहिल्या रांगेतल्या एका मुलीचा घसा पार बसला होता आणि तो कुणामुळे, ते मला ठाऊक होतं.

सात रविवार ते काम चाललं, त्यांच्या ओसरीवर. अ‍ॅकॉर्डियनमध्ये एका पट्टीमागे दोन सूर असतात आणि दोघांत मुद्दाम जरासं अंतर ठेवलेलं असतं, म्हणून तो आवाज थरथरतो, त्याला धार येते. ते अंतर कमी करायला भावजी सुराची एकेक पत्ती ब्लेडच्या टोकानं खरवडायचे, मेणानं बसवायचे, कान लावायचे, मान हलवायचे, की पुन्हा काढायचे… मग जाळीच्या आतून मऊ कातडं आणि नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, अस्तर. मी काय करत होते? कमलच्या हातची शेंगोळी खात होते आणि चेष्टा करत होते. “भावजी, बायको बोलायला लागली की कानातही नमदा घालता का?” त्यावर आतून कमल ओरडली, “घालत्यातच की!” पेटी हातात देताना त्यांनी एकच ताकीद दिली. “वाजवून झालं की हवेचं बटन दाबून भाता सगळा मिटवा. हवा आत कोंडून ठिवायची न्हाई, वहिनी. सूर तिरके व्हत्यात.”

सोमवारी प्रार्थनेला दुसऱ्याच ओळीत मुलींचे आवाज खाली आले. एकीला दुसरीचं ऐकू यायला लागलं होतं. मुख्याध्यापिका पायऱ्या उतरून माझ्याजवळ आल्या. “अहो, आज काय केलंत तरी काय?” दोन हातांच्या अंतरावर भावजी सायकल धरून उभे होते, खास ऐकायला आलेले. त्यांचं नाव माझ्या जिभेवर होतं, खरंच होतं… आणि मी म्हणाले, “काही नाही बाई, हात बसला आता.”

भावजी हसले, टांग टाकली आणि गेले. घरी कमलला म्हणाले, “वहिनीचा हात लई गोड हाय.” तिनं मला ते कौतुकानं सांगितलं. टोमणा असता तर भांडून मोकळी झाले असते. टोमणा नव्हता. पुढे निवृत्त होईपर्यंत मी ‘गोड हाताच्या बाई’ म्हणून मिरवले.

शेवटची भेट दिवाळीनंतरची. खुर्चीत बसले होते, बोटं कापत होती. “पेटी कशी हाय?”

“घोगरी झालीय, मालकिणीसारखी.”

“आना एकदा. उघडून बघू.”

आज सगळं बोलून टाकायचं असं रिक्षात ठरवून गेले होते. पण समोर कमल होती, सून होती… खरं तर त्यांच्यासमोरच बोलायला हवं होतं, आणि नेमकं म्हणूनच बोलले नाही. “संक्रांतीनंतर आणते,” म्हणाले. संक्रांत होऊन गेली. माझे गुडघे दुखतात म्हणाले. गुडघ्यांवर मी आयुष्यात पुष्कळ काही ढकललंय.

तेराव्याला एक जुनी विद्यार्थिनी भेटली. “बाई, तुमचा हात काय गोड होता हो!” हार घातलेला फोटो तिथंच होता. कमल माझ्याकडे बघत राहिली. सात रविवार तिच्या ओसरीवर गेले होते. ती थांबली होती, मी काहीतरी बोलेन म्हणून… आणि ही पंच्याहत्तरीची बाई काय म्हणाली? “अगं, जुनी गोष्ट झाली ती.” कमलनं मान खाली घातली आणि द्रोण उचलायला लागली.

तर आता, उशिरा का होईना, लिहून देते. तो हात माझा नव्हता. तो रंगाभावजींचा होता. हे छापायला द्यायच्या आधी कमलला वाचून दाखवायचंय. उद्या सकाळीच भिंगारला जाते, गुडघ्यांना विचारणार नाही.

काल पेटी काढली. घोगरी वगैरे काही झालेली नाही, तेही मी उगाच बोलले होते. तीच प्रार्थना वाजवली. अजून तशीच मऊ आहे, कुणाच्या घशावर चढत नाही. मग हवेचं बटण दाबलं आणि दोन्ही हातांनी भाता सावकाश मिटवत आणला. सूर नाही, नुसती लांब हवा… ती सगळी बाहेर जाईपर्यंत बटणावरचं बोट उचललं नाही.