पिठाच्या कोठीतला वर्ग

जेद्दाच्या अल अझीझियात, आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एका अफगाणाची रोटीची भट्टी आहे. परातीएवढी मोठी, कडेला कुरकुरीत अशी ती रोटी. इथं तिला तमीस म्हणतात. शाळेत जाण्याआधी ती आणायला मी खाली उतरते. त्या सकाळी शटर अर्धंच वर होतं आणि भट्टी थंड होती. रहमानभाई फळीला हात टेकून उभे होते. हात स्वच्छ धुतलेले. इतक्या वर्षांत ते हात मी पिठाशिवाय पाहिले नव्हते. मी सलाम केला. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "आपा, झरगूना खलास."

इथं हा शब्द उठता-बसता कानावर पडतो. रोट्या संपल्या, खलास. इकाम्याचं, म्हणजे इथं राहण्याच्या परवान्याचं काम झालं, खलास. मला वाटलं, तिचं तिकडचं काम आटोपलं, ती परत येतेय. मी "अल्हम्दुलिल्लाह" म्हणूनही गेले… मग त्यांनी मान वर केली.

झरगूना त्यांची बायको आणि माझी मैत्रीण. मी कोकणातली, श्रीवर्धनची. नवऱ्याच्या बंदरातल्या नोकरीपायी इथं आले आणि इंडियन स्कूलमध्ये विज्ञान शिकवू लागले. ती जलालाबादची. लहानपण पेशावरच्या निर्वासितांच्या छावणीत गेलेलं, त्यामुळे उर्दू उत्तम. आमचं बोलणं तिच्या उर्दूत आणि माझ्या हिंदीत चाले. जलालाबादच्या रेडिओवर ती बायकांचा कार्यक्रम करायची: बाळंतपणातली काळजी, मुलीचं लग्न लवकर का करू नये, वारसाहक्क. तिकडे राज्य बदललं, मोठ्या मुलींच्या शाळा बंद झाल्या, बायकांचे आवाज रेडिओवरून गेले आणि ती नवऱ्याकडे जेद्दाला आली. मूलबाळ नव्हतं. पहिले काही महिने ती खिडकीत बसून असायची. जिन्यात भेटली की हसायची, पण बोलायची नाही.

मग एके दिवशी दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आपा, ऋतू कशामुळे बदलतात हे मला सांगा. अशा मुलीला सांगायचंय, जिला सहावीनंतर कुणी काही सांगितलेलं नाही."

मी पुस्तक उघडलं, पृथ्वीचा कललेला आस काढून दाखवला. तिनं ऐकून घेतलं, परत गेली आणि दुसऱ्या दिवशी मलाच ऐकवलं: कमरेवर घागर घेऊन एक बाई अंगणातल्या शेकोटीभोवती फिरतेय. घागरीच्या वजनानं ती एका बाजूला कललीय, आणि फेरी घालताना तिच्या कलण्याची दिशा मात्र बदलत नाही. कधी तिचं डोकं शेकोटीकडे, कधी पाय… मी शाळेत आता तसंच शिकवते.

भट्टीच्या मागे पिठाची कोठी होती. चारही भिंतींना छतापर्यंत गोण्या. गोण्या आवाज पिऊन टाकतात, असं ती म्हणायची. दुपारी भट्टी बंद असताना ती आत शिरायची, दाराला रजई लावायची आणि फोनवर धडा बोलायची. युरोपातल्या एका शहरात जाऊन राहिलेले तिचे जुने सहकारी तो रेडिओवर लावत, शिवाय फोनवरून घरोघर पाठवत. तिकडे जलालाबादेत तिची धाकटी बहीण वगमा आतल्या खोलीत गल्लीतल्या मुली जमवी. लग्नाची चादर भरायला आल्यात, असं बाहेर सांगायचं. सुई-दोरा खरोखरच हातात असे.

धड्यात ती स्वतःचं नाव घेत नसे. पण ज्या आवाजानं वर्षानुवर्षं एका शहराला 'सुप्रभात' म्हटलंय, त्याला नाव कशाला लागतं? तो कुणाचा, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. ती कुठे आहे, एवढंच माहीत नव्हतं. म्हणून अझानचा सूर आला तरी ती रेकॉर्डिंग पुसायची. "इथली अझान नि तिथली अझान एका वेळी होत नाही आपा. कुणी वेळ जुळवून पाहिली तर?" मला तेव्हा वाटायचं, ही उगाच भिते.

एकदा मात्र एक धडा तसाच गेला. शेवटच्या वाक्यामागे रस्त्यावरच्या पोरांचा आवाज होता, "यल्ला! यल्ला!" फुटबॉल खेळताना अरबीत 'चला, चला' ओरडत होती. आपल्याला इथं तो ऐकूही येत नाही, इतका सवयीचा. पण पुढच्याच आठवड्यात तिच्या वडिलांच्या दारात माणसं आली. चहा प्यायली. फोनवर तो तुकडा लावला आणि अदबीनं विचारलं, "काका, तुमची मुलगी कुठल्या अरबी मुलखात आहे?"

त्यानंतर ती आणखी जपून राहायला लागली. भट्टीसमोर अनोळखी गिऱ्हाईक जरा जास्त वेळ रेंगाळलं, की रहमानभाईंचा हात थांबायचा. एकदा एकानं रोटी घेतली, पैसे दिले आणि जाताना पश्तोत म्हणाला, "घरी सगळे बरे आहेत ना? वहिनींचा आवाज फार दिवसांत ऐकला नाही." रहमानभाई त्याला ओळखत नव्हते. ते मला म्हणाले, "तिला सांगा ना, बंद कर. माझं ऐकत नाही." मी सांगितलं. ती म्हणाली, "बंद करते. पण आत्ता अपूर्णांक चालू आहेत. मध्येच कसे सोडू?"

मग त्या माणसांनी वगमाला घरातून नेलं. आणि त्याच आठवड्यात वडिलांचा निरोप आला.

तो तिनं मला कोठीतच ऐकवला. म्हाताऱ्या माणसाचा, सावकाश, स्वच्छ आवाज. पश्तो मला कळत नाही. तिनं सांगितलं: मी फार आजारी आहे, झरगूना, तुला शेवटचं बघायचंय, ये.

"बाबांनी मला जन्मात झरगूना म्हटलेलं नाही," ती म्हणाली. "बच्या म्हणतात, म्हणजे बाळ. रागावले तरी बच्याच. यात बघा, दर वाक्याला पूर्ण नाव घेतलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे समोर कुणीतरी बसलंय. आणि येऊ नकोस, एवढं बाबा मला सांगतायत."

"मग नको जाऊस!"

"वगमा त्यांच्याकडे आहे, आपा."

रहमानभाई दारात उभे होते. म्हणाले, "मी जातो. मी बोलतो त्यांच्याशी."

ती त्यांच्याकडे बघून हसली. इतकं मऊ हसणं मी नवरा-बायकोत क्वचित पाहिलंय. म्हणाली, "त्यांना तुझा आवाज नकोय रे."

एक्झिट-रीएंट्रीचे, म्हणजे देशाबाहेर जाऊन परत येण्याच्या परवानगीचे कागद व्हायला काही दिवस लागणार होते. तेवढ्या दिवसांत तिनं कोठी सोडलीच नाही. आधी फक्त दुपारी बोलायची, आता भट्टी चालू असतानाही बोलू लागली. मी शाळेतून येताना पुढचे धडे घेऊन यायची, ती ते तिच्या भाषेत, तिच्या अंगणात नेऊन ठेवायची. घसा बसला. मी आलं-मिरीचा काढा करून नेला, तर घोट घेऊन म्हणाली, "वर्षभराचं तरी झालं पाहिजे." कशासाठी, हे मी विचारलं नाही. शेवटच्या दिवशी तिनं ते सगळं एकगठ्ठा युरोपात पाठवून दिलं आणि फोन धुवावा तसा पुसून स्वच्छ केला.

निघताना तिनं मला मिठी मारली. अंगाला पिठाचा वास होता. रहमानभाई विमानतळापर्यंत गेले. काबूलला तिचा मामा घ्यायला आला, कारण तिथं बाईनं एकटीनं प्रवास करायचा नाही. ती घरी पोचली, त्यांच्यापुढे हजर झाली आणि वगमा सुटली. तेवढा शब्द त्यांनी पाळला. वडील आजारी नव्हतेच. दारात मुलीला बघून मात्र ते जमिनीवर बसले, ते उठेनात.

पुढे तिचे निरोप येत. 'ठीक आहे.' 'आजही बोलावलं होतं.' 'लिहून दिलं, पुन्हा बोलणार नाही.' मी त्या निरोपांखाली दुआ लिहायची. मग एका सकाळी तिला पुन्हा बोलावलं, आणि संध्याकाळी चादरीत गुंडाळून घरी आणलं. जिन्यावरून पडली, म्हणाले. वगमानं रहमानभाईंना फोनवर सांगितलं, की मय्यतीला आंघोळ घालायला घरच्या कुणाला जवळ जाऊ दिलं नाही. चेहरा तेवढा दाखवला. गळ्यापासून खाली चादर घट्ट बांधलेली होती. आणि त्या कचेरीला, वगमा म्हणाली, वरचा मजलाच नाही.

याहून जास्त मला माहीत नाही. बहुधा कधी कळणारही नाही. मी शाळेत जाते, फळ्यावर लिहिते. वर्गात माझ्यासमोर इंग्रजीतून उत्तरं देणाऱ्या, अभ्यासाला कंटाळलेल्या मुली बसलेल्या असतात. त्यांच्यावर रागवायला गेले की मी पुन्हा फळ्याकडे वळते.

आता भट्टी पुन्हा पेटली आहे. परवा मी रोटी घ्यायला गेले, तेव्हा वगमाचा फोन नुकताच येऊन गेला होता. ती माणसं पुन्हा वडिलांकडे आली होती. या वेळी चहाला थांबली नाहीत. अंगणात उभं राहून त्यांनी फोन पुढे धरला, त्यातून झरगूना शिकवत होती. आधीच्या दिवशीचा धडा. शेजारच्या घरातही तोच चालू असावा, कारण भिंतीपलीकडून तिचाच आवाज जरा मागून येत होता. त्यांच्यातला एक कोवळ्या दाढीचा जवान होता. त्यानं म्हाताऱ्याला विचारलं, "तुझी मुलगी मेली ना? मग हे कोण बोलतंय?"

"मग?" मी म्हटलं.

"ती माणसं निघून गेली. पुन्हा येतो म्हणाली."

रहमानभाईंनी तमीस कागदात गुंडाळली. वगमानं दाराला नवी कडी बसवून घेतलीय, मुली मात्र येतायत, असं ते म्हणाले. मी विचारलं, "आता कुठला धडा लागणार आहे?"

त्यांनी भट्टीत बघत, आठवून सांगितलं, "श्वास कसा चालतो, तो."