वरची माती

भिवाकाकांना काहीही विचारा, उत्तर एकच: ‘चालेल.’ उन्हात चाळणी धराल? चालेल. सुट्टीच्या दिवशी याल? चालेल. खरं सांगते, मला त्या शब्दाचा वैताग यायचा.

आमचं काम रास अल खैमाच्या डोंगरात. तिथं उतारावर दगडी बांध घालून सात-आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी शेती केली होती. बांध ढासळलेत, पण माती हलक्या हातानं खरवडली की नांगराच्या तासांच्या काळपट रेघा अजून दिसतात. आता यातून रस्ता जाणार, त्याआधी सगळं मोजून, चाळून ठेवायचं. मोजायला मी, पुण्याची विभावरी, दुबईत पुरातत्त्वाची नोकरी करणारी. चाळायला माणगावकडचे भिवाकाका, दुबईतल्या सोनापूरच्या कामगार कॅम्पमधून पहाटेच्या व्हॅननं येणारे.

त्यांची बायको तानुबाई उन्हाळ्यात अचानक गेली. फोन आला तेव्हा ते कामावर होते. ऐकलं, फोन खिशात ठेवला आणि शिफ्ट पूर्ण केली. रजा मिळेपर्यंत तिकडं दिवसही उरकले, मग ते गेलेच नाहीत. डोळ्यांतून टिपूस नाही. एकदा न राहवून मी विचारलं, ‘काका, त्रास होत असेल ना?’

‘काय वाटतच नाय, मॅडम. जेवतो, झोपतो. मांडी घालून पायाला मुंग्या येतात आणि मग पाय आपला वाटत नाय, तसं.’

गावाकडचं भाताचं खाचर तानुबाईच बघायची, ते पडीक राहिलं. एकुलती एक मुलगी संपदा पनवेलला असते. एका दुपारी आम्ही डबा खात असताना तिचा फोन आला. काका फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात, त्यामुळं मलाही ऐकावं लागलं.

‘बाबा, वीटभट्टीवाला आपल्या खाचरातली वरची माती मागतोय. देऊ का?’

‘चालेल.’

‘नीट विचार करा हं. पुढच्या आठवड्यात जेसीबी घेऊन येईल तो.’

‘चालेल, बाय.’

मला संताप आला. नवरा-बायकोनं कसलेल्या शेताबद्दल माणसानं निदान दोन शब्द तरी बोलावेत! पण दुसऱ्याच्या घरात नाक कशाला खुपसा, म्हणून मी मुकाट्यानं डबा संपवला.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी काकांनी चाळणी हलवता हलवता थांबवली. खापऱ्यांमध्ये बोटाच्या पेराएवढा निळा काचेचा तुकडा होता, कमानीसारखा वाकलेला.

‘बांगडी,’ ते म्हणाले. ‘हिथं कशी?’

‘शेणखताबरोबर आली असणार. घरातलं फुटकंतुटकं उकिरड्यात आणि तिथून शेतात. या खापऱ्या पण तशाच आल्यात. वरच्या थरातच असतं हे सगळं. तो एकदा उचलला की खलास, खाली नुसता मुरूम.’

हे मी रोजच्या सवयीनं बोलून गेले. काका तुकड्याकडं बघत राहिले.

‘आमच्या खाचरात नांगरताना अशीच माझ्या पायात घुसली होती,’ ते म्हणाले. ‘तिचीच. हिरवी. मी लय बोललो, उकिरड्यात कशाला टाकतेस म्हणून. तर म्हणली, सोन्याच्या हायेत का, कपाटात ठेवायला?’

इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मग ते एकदम उठले. मातीच्या हातांनी त्यांनी फोन लावला. पलीकडं आधी घरघर ऐकू आली, मग संपदा.

‘बाबा, मी शेतावरच आहे. काम चालू झालंय.’

‘थांबव.’

‘आता? अहो, तुम्हीच तर चालेल म्हणालात!’

‘नाय चालायचं.’

‘पण का, बाबा? अर्धं खाचर उचललं त्यांनी. काय सांगू मी त्यांना?’

काकांनी चाळणीतला तुकडा उचलला. मी मान फिरवली. ते म्हणाले, ‘त्या मातीत तुझी आई हाय गं.’

संपदा कुणालातरी ओरडून हाका मारत धावल्याचं ऐकू आलं आणि घरघर बंद पडली.

‘राहिलं तेवढं राहू दे,’ काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मी चहा पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. ते चाळणीपाशी येऊन उभे राहिले. तानुबाई गेली त्या दिवशी याच माणसानं पूर्ण शिफ्ट केली होती. आज चाळणी धरायला त्यांचे हात उठेनात.