अकरा नंबरचं झाकण

मुलुंडच्या टेकडीवर चेतना खिल्लारे त्या महिन्यात तिसऱ्यांदा चढत होती, आणि तेही एका भोकासाठी.

चार-पाच वर्षांपूर्वी या सरकारी उतारावर खाली कसला दगड आहे, किती खोल आहे, हे बघायला बावीस भोकं पाडली होती. मनगट सहज जाईल एवढी रुंद आणि तीस मीटर खोल. दगड काही कामाचा निघाला नाही. मग ठेकेदाराने ती भोकं तळापासून तोंडापर्यंत सिमेंटने भरायची, वर नंबर घातलेलं झाकण बसवायचं, खरवडलेली माती परत पसरायची आणि झाडं लावून जगवायची, असं ठरलं. ते सगळं नीट झालंय का हे बघून फोटो पाठवायचे, ही चेतनाची नोकरी. नेमणूक अकरा महिन्यांची, दर वेळी नव्याने मिळणारी, ऑफिस अंधेरीला. राहायला ती गोवंडीला. सकाळी आधी अंधेरीला जाऊन हजेरी लावायची आणि मग उलटं मुलुंडला यायचं, हा नियम कोणी काढला ते तिला दोन वर्षांत कळलं नव्हतं.

दहा भोकं तिने पास केली होती. अकरावं सापडतच नव्हतं. पहिल्या खेपेला तिने कुठल्यातरी सिमेंटच्या तुकड्याचा फोटो पाठवला, तो नंबर दिसत नाही म्हणून परत आला. दुसऱ्या खेपेला ऑफिसच्या अ‍ॅपमधला जागा दाखवणारा लाल ठिपका तिला टेकडीखालच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये घेऊन गेला. वॉचमनने अडवलं, सेक्रेटरीने पत्र मागितलं, आणि पत्र वाचून झाल्यावर सांगितलं, "आमच्या सोसायटीत कसलंही भोक नाही. असलं तर त्याची परवानगी आम्ही दिलेली नाही."

आज तिसरी खेप. सोबत नेहमीप्रमाणे धाकू होता, खांद्यावर पहार घेऊन. धाकू कणकवलीकडचा, साठीला आलेला, ऑफिसचा जुना मदतनीस. अर्ध्या चढावर दम खायला थांबल्यावर तो सहज म्हणाला, "अकरा नंबर त्या वरच्या जांभळीखाली. मशीन आणली तेव्हा मी हुतंय ना हय."

चेतनाने त्याच्याकडे बघितलं. "काका, हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"तुमी माका इचारलांत खंय? तुमी मोबाइलात बघी होतात."

तिने मोबाइल पिशवीत टाकला आणि ती चढायला लागली.

जांभळीखाली एक बाई कपडे धूत होती. चंपा तिचं नाव, वरच्या वस्तीतली. चौकोनी सिमेंटच्या लादीवर चादर टाकून धोपाटण्याने बडवत होती. चादरीच्या कडेखालून लादीवर कोरलेला अकराचा आकडा दिसत होता.

"ताई, जरा बाजूला व्हाल का? फोटो काढायचाय."

"कपड्यांचा?"

"लादीचा. सरकारी आहे ती."

"असू दे. तीन वर्षं मीच वापरतेय." चंपाने चादर उचलली. "एक विचारू? ही खालून पोकळ का ठेवलीय? मारलं की ढब्ब वाजतं. दुसरा दगड असा वाजत नाही."

चेतना टेप लावून फोटो काढायच्या बेतात होती. तिचा हात थांबला. तिने चंपाकडून धोपाटणं घेतलं आणि लादीवर मारलं. आवाज खरंच पोकळ आला.

"काका, पहार."

धाकूने दोन घाव घातले आणि लादी पापडासारखी मोडली. जाडी दोन बोटं. खाली पत्र्याचा तुकडा, आणि पत्र्याखाली काळोख. धाकूने दोरीला एक नट बांधून आत सोडला. दोरी जात राहिली, जात राहिली. अठरा मीटरवर पाण्याचा आवाज आला.

"माझी लादी फोडलीत," चंपा म्हणाली. "आता कपडे कुठे धुऊ?"

चेतनाचं लक्ष खाली गेलं होतं. खाली उतारावर चार रांगा चाळी होत्या. पावसाचं पाणी या भोकांतून सरळ टेकडीच्या पोटात जात असणार, आणि माती आतून सुटत असणार. तेवढ्यासाठीच तर भरायची होती. पण त्याहून वाईट गोष्ट तिला आता आठवली. आधीची दहा तिने स्वतः पास केली होती. अ‍ॅप विचारायचं, झाकण आहे का? हो. नंबर आहे का? हो. तडा आहे का? नाही. ठोकून बघा असं अ‍ॅपने सांगितलं नव्हतं, आणि तिलाही सुचलं नव्हतं.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी ती दहा पुन्हा ठोकून बघितली. सात पोकळ वाजली.

अंधेरीच्या ऑफिसात तिचे साहेब सुयोग यांनी तिचं सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. वय तिच्यापेक्षा दोनच वर्षं जास्त, पण खुर्चीमुळे सर.

"चेतना, ती दहा बंद झालीत. पास झालेलं परत उघडायची सोयच नाही सिस्टीममध्ये."

"सिस्टीममध्ये नसेल सर, टेकडीवर उघडीच आहेत."

"आणि पास कोणी केली?"

"मी."

"मग? स्वतःच्याच विरुद्ध तक्रार करणार तू? यार, अकराचं टाक आणि पुढे चल ना. मागचं कोणी उकरत नाही."

"पाऊस उकरेल."

सुयोगनी स्क्रीनकडे तोंड फिरवलं. चेतना बाहेर आली तेव्हा तिला त्यांच्यापेक्षा स्वतःचाच जास्त राग आला होता. दहा वेळा नंबर पुसला, टेप सरळ केली, आणि एकदा पायाने ठोकून बघायला काय झालं होतं?

घरी भाजी निवडत बसलेल्या आईला, शांताबाईला, तिने सांगितलं. शांताबाईने मेथीची जुडी पूर्ण निवडून होईपर्यंत ऐकून घेतलं.

"चूक तुझी आहे?"

"थोडी माझीपण."

"मग तीपण लिही. कागदावर दे आणि शिक्का घे. तोंडी सांगितलेलं ऑफिसात टिकत नाही."

चेतनाने हाताने अर्ज लिहिला. आवक विभागातल्या अनुपमा मॅडमनी आधी दोन प्रती मागितल्या, मग मार्जिन सोडलेला नाही म्हणून पुन्हा लिहायला लावला, मग जेवायला गेल्या. पावणेतीनला शिक्का बसला.

पंधरा दिवसांनी दोन पत्रं निघाली. एक ठेकेदाराला, बावीसही झाकणं उघडून दाखवा म्हणून. दुसरं चेतनाला, चुकीचा अहवाल दिल्याबद्दल खुलासा करा म्हणून. तिने खुलासा दोन ओळींत लिहिला. मी ठोकून बघितलं नाही. बघायला हवं होतं. सुयोग म्हणाले, "अगं, काहीतरी सविस्तर लिही, परिस्थिती वगैरे." तिने लिहिलं नाही.

उघडल्यावर बावीसपैकी तेरा पोकळ निघाली. ठेकेदाराची माणसं अकरा नंबरपासून सुरुवात करायला आली. गाडी वर चढेना, म्हणून गोणी डोक्यावरून आणल्या. पाण्यासाठी वस्तीशी भांडण झालं. नळी तळापर्यंत न सोडता वरूनच सिमेंट ओतायला लागले, तेव्हा खाली पोकळी राहील म्हणून चेतनाने ते थांबवलं. मुकादम म्हणाला, "मॅडम, भरल्याशी मतलब." ती म्हणाली, "तेच तीन वर्षांपूर्वी बोलला असाल." नळी परत बाहेर काढून तळापर्यंत सोडायला तास गेला.

चंपा तिथेच उभी राहून सूचना करत होती. नवी लादी थोडी उतरती हवी, पाणी साचायला नको, आणि आकडा कडेला घाला, मधे घातलात तर कपडे फाटतात. मुकादमाने वैतागून चेतनाकडे बघितलं.

"आकडा कडेला चालतो," चेतना म्हणाली.

साडेचारला राखाडी सिमेंट भोकाच्या तोंडाशी आलं. धाकूने चहाला चला म्हटलं, तर तिने त्याला एकट्यालाच पाठवलं. दहा मिनिटंसुद्धा इथून पाठ फिरवायची तिची तयारी नव्हती, आणि अजून बारा भोकं बाकी होती.